पदवी नसल्याचा पुरावा

फ्रेमवाल्यांच्या दुकानातून आजवर हजारो पदव्या लोकांच्या भिंतींवर गेल्या. डॉक्टरांच्या गेल्या, वकिलांच्या गेल्या, एका गृहस्थाची तर मधमाश्यांवरची गेली. कागदावरून नुसतं बोट फिरवून फ्रेमवाले सांगायचे, हा जुना, हा यंदाचा, आणि हा घडी घालून खिशात ठेवलेला, म्हणजे मुलगा हुशार पण अजागळ. एवढं सगळं असून त्यांची स्वतःची पदवी मात्र दुकानात नव्हती, घरात नव्हती, कुठेच नव्हती. कारण आठवीनंतर फ्रेमवाले शाळेतसुद्धा गेले नव्हते. ही गोष्ट जगात फक्त एका माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस म्हणजे ते स्वतः.

बाकी सगळे त्यांना पदवीधर समजत. याला कारण एक फाटका खाकी कागद. वीस वर्षांपूर्वी लग्नाची बोलणी करायला ते निघाले, तेव्हा वाटेत एका गिऱ्हाइकाची फ्रेम पोचवायची होती. गिऱ्हाइकाच्या घराला कुलूप, म्हणून फ्रेम काखेत तशीच राहिली. बोलणी ज्या खोलीत चालली होती तिथे ती खुर्चीला टेकवताना तिच्यावर गुंडाळलेला खाकी कागद कोपऱ्यात टरकन फाटला आणि आतला सोनेरी शिक्का बाहेर डोकावला. समोर मुलीचा थोरला भाऊ बसला होता. याचं सायकलींचं दुकान, आवाज चढा, कोणाचं म्हणून ऐकायचं नाही असा खाक्या. तो एकदम मवाळ झाला.

"पदवी?" त्याने हळूच विचारलं. "तुमची का?"

नाही म्हणायला फ्रेमवाल्यांनी तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात आतल्या दारात मुलगी दिसली, हातात ट्रे घेतलेली, कान इकडे लावलेली, आणि त्यांच्या तोंडून "हो" निघून गेलं. लग्न ठरलं.

पुढे काय होणार हे त्या वेळी कळतं तर फ्रेमवाल्यांनी फ्रेम घरीच ठेवली असती. थोरल्या भावाला शिकलेल्या माणसाबद्दल इतका आदर की डॉक्टरसमोर तो खुर्चीच्या कडेवर बसायचा. आता खुद्द घरात पदवीधर आलेला! दुकानाची पाटी कोणत्या रंगाची करू, वरची खोली थोरल्या मुलाला देऊ की धाकट्याला, गुडघ्याचं ऑपरेशन करू की नको, काहीही असो, तो म्हणायचा, "थांबा, आधी भावोजींना विचारू. ते शिकलेले आहेत." आणि भावोजी पाय जरा लांब करून, छताकडे बघत मत द्यायचे. उगाच कशाला खोटं बोला, फ्रेमवाल्यांना हे सगळं मनापासून आवडायचं. आपला नवरा भावापुढे दबत नाही हे बघून बायकोची मानही ताठ राहायची.

पण पदवीधर म्हटलं की लोक कॉलेजातल्या गमती विचारणार. त्यांचा पुरवठा दुकानातूनच होत होता. पदवी फ्रेम करायला आलेला माणूस तसा जात नाही. पट्टी निवडायची, कागदाभोवतीच्या पुठ्ठ्याचा, म्हणजे माउंटचा रंग ठरवायचा, काच कापून होईपर्यंत उभं राहायचं, तेवढी वीस मिनिटं तो बोलत असतो. कागद हातात नवा असला की मन मोकळं होतं. फ्रेमवाले खाली मान घालून काम करायचे आणि मध्येच "मग?" एवढंच विचारायचे. अशा रीतीने वीस वर्षांत त्यांच्याकडे अख्खं कॉलेज गोळा झालं. खडू फेकून मारणारे टकले प्राध्यापक, ग्रंथालयातला करकरणारा जिना, परीक्षेत झोपी गेलेला आणि तरीही पहिला आलेला मुलगा, सगळं. रात्रीच्या जेवणाला त्यातलं एकेक बाहेर निघायचं, आणि समोर बसलेल्या लेकीचा घास हातात तसाच राहायचा.

ऐकून ऐकून लेकीने विद्यापीठाचा ध्यासच घेतला. तिला दगडांचं वेड. खिडकीत, कपाटात, आईच्या डब्यांमागे, जिथे बघावं तिथे दगड. अठराव्या वर्षी तिला दूरच्या विद्यापीठात भूगर्भशास्त्राला प्रवेश मिळाला आणि पाठोपाठ फीचं पत्र आलं. आकडा सगळ्यांनी आळीपाळीने वाचला. फ्रेमवाल्यांनी दुकान गहाण टाकायचा विचार केला, मग दुकान भाड्याचं आहे हे आठवलं.

"बाबा, शिष्यवृत्त्या असतात," लेक म्हणाली. "शोधू या."

मग रोज दुपारी दुकान तासभर बंद ठेवून बापलेक सार्वजनिक वाचनालयातल्या संगणकासमोर बसायला लागले. शोधायला लागल्यावर कळलं की जगात दानशूर माणसं भरपूर आहेत, पण प्रत्येकाचं डोकं वेगळं. एक शिष्यवृत्ती फक्त जुळ्यांना होती. एक खलाशांच्या नातवंडांना. एका आजींनी मरताना सगळे पैसे डावखुऱ्या मुलींसाठी ठेवले होते, तर लेकीने दोन दिवस डाव्या हाताने लिहून पाहिलं. अक्षर बघून फ्रेमवाले म्हणाले, "राहू दे, त्या आजींच्या आत्म्याला त्रास होईल." एका शिष्यवृत्तीला सहा फूट उंची हवी होती. एकीत सगळं काही यांच्याशी जुळत होतं, पण तारीख गेल्या महिन्यात उलटली होती.

नवव्या दिवशी पडद्यावर एक आली. पूर्ण फी, वसतिगृह, पुस्तकं, सगळं त्यात. अर्जाला बारा दिवस बाकी. फ्रेमवाल्यांनी चष्मा वर सरकवला. लेकीने मात्र वाचता वाचताच पान पुढे ढकललं.

"अगं थांब, ही का नको?"

"ही आपल्याला नाही बाबा. ज्यांच्या घरात आजवर कोणीच विद्यापीठात गेलेलं नाही, त्यांच्यासाठी आहे." आणि त्यांच्याकडे बघून ती अभिमानाने हसली. "आपल्याकडे तुम्ही आहात ना."

फ्रेमवाल्यांनी चष्मा पुन्हा नाकावर ओढला. म्हणाले, "बरं, पुढचं बघ." पुढचं होतं घोड्यांची निगा राखणाऱ्यांच्या मुलांसाठी.

तीन दिवस त्यांच्या हाताखाली काच सरळ कापली जाईना. चुकून एका माउंटला त्यांनी खिडकी दोनदा पाडली. खरं सांगावं तर लेकीच्या डोळ्यांतून उतरणार, बायकोची मान खाली जाणार, आणि थोरले दादा काय करतील याचा तर विचारच नको. न सांगावं तर लेक दगड आवरून कुठल्यातरी दुकानात बसणार. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कोऱ्या अर्जाची प्रत घेऊन ते घरी आले. अर्जात लिहिलं होतं की आईवडिलांनी तसं लेखी द्यावं, आणि आईकडच्या एका वडीलधाऱ्या माणसाने त्यावर साक्षीची सही करावी. आईकडचे वडीलधारे म्हणजे एकच. सायकलवाले मामा.

रविवारी सकाळी त्यांनी मामांना चहाला बोलावलं. एकदाच काय तो धीर गोळा झाला होता, तो वेगवेगळ्या तिघांवर वाटून खर्च करणं त्यांना परवडणार नव्हतं. मामा आले, बायको बसली, लेक दाराशी टेकून उभी राहिली. फ्रेमवाल्यांनी कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं.

"माझ्याकडे पदवी नाही. मी कॉलेजात कधी गेलोच नाही. माझं शिक्षण आठवी."

मग मामांनी अर्ज उचलला, वरपासून खालपर्यंत वाचला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला.

"असं होय!" मामा म्हणाले. "पोरीच्या फीसाठी चाललंय होय हे सगळं! भावोजी, तुमचं काळीज मोठं, मानलं. पण मी खोट्यावर सही करणार नाही."

"दादा, हे खोटं नाही. खोटं ते आधीचं होतं."

"मला शिकवू नका! मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलीय तुमची पदवी. सोन्याचा शिक्का होता. खुर्चीला टेकवून ठेवली होती तुम्ही!"

"ती जनावरांच्या डॉक्टरांची होती."

"म्हणजे तुम्ही जनावरांचे डॉक्टर आहात?"

"अहो, नाही हो!"

आता लेक पुढे आली. तिचा चेहरा लाल झाला होता. "बाबा, माझ्यासाठी तुम्ही शिक्षण नाकारताय? असले पैसे मला नकोत. त्यापेक्षा मी वर्षभर नोकरी करीन."

फ्रेमवाले हतबल झाले. वीस वर्षं एका शब्दाचं खोटं सगळ्यांनी डोक्यावर घेतलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललं तर कोणी विश्वास ठेवायला तयार नाही! पदवी असल्याचा कागद मिळतो. नसल्याचा कागद आणायचा कुठून? त्यांनी मोठ्या आशेने बायकोकडे पाहिलं.

बायको मगाचपासून त्यांना न्याहाळत होती. "हे खरं बोलताहेत," ती म्हणाली. "खोटं बोलताना यांचे पाय लांब होतात. आज बघा, खुर्चीखाली दुमडलेत." मग ती नवऱ्याकडे वळली. "बोलणी करताना आणखी काय काय सांगितलं होतंत, तेही याच बैठकीत उरकून घ्या. सारखा सारखा चहा मी करणार नाही."

"वय दोन वर्षांनी कमी सांगितलं होतं," फ्रेमवाले पुटपुटले. "आणि मला गाणं आवडतं म्हणालो होतो."

"गाण्याचं मला कळलं होतं," बायको म्हणाली, आणि कप उचलून आत गेली. आतून बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. दोन कप धुवायला एवढा वेळ लागत नाही, हे फ्रेमवाल्यांना कळत होतं.

मामा काही बधले नाहीत. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं, हाच त्यांचा धोशा. तेव्हा फ्रेमवाल्यांना एकदम सुचलं. प्रत्येक फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख लिहायची त्यांची पद्धत होती. फ्रेम दुरुस्तीला परत आली की ती केव्हाची ते कळतं. "चला," ते म्हणाले. "दवाखाना रविवारी बारापर्यंत उघडा असतो."

जनावरांचे डॉक्टर आता म्हातारे झाले होते. टेबलावर एक जाडजूड मांजर, शेजारी तिची मालकीण, आणि दारातून फ्रेमवाले, लेक आणि मामा असे तिघं आत शिरलेले, त्यात मामांच्या हातात सायकल.

"पेशंट कुठाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"पेशंट नाही," मामा म्हणाले. "तुमची पदवी उतरवायची आहे."

डॉक्टरांचा हात मांजरावर तसाच थांबला. "का? मी काय केलं?"

फ्रेमवाल्यांनी घाईघाईने सगळं समजावलं, स्टूल ओढलं आणि भिंतीवरची फ्रेम काढली. मागे धुळीचा थर होता. त्यांनी बाहीने तो पुसला, तशी पेन्सिल दिसली. डॉक्टरांचं नाव. खाली तारीख. आणि तारखेखाली, त्यांच्याच तेव्हाच्या घाईच्या अक्षरात: "घराला कुलूप. उद्या देणे."

ती तारीख मामा विसरणं शक्यच नव्हतं. बहिणीचं लग्न ठरलं तो दिवस. दरवर्षी त्या दिवशी ते फोन करून "तिचं बरं चाललंय ना?" असं फ्रेमवाल्यांनाच दरडावून विचारायचे. त्यांनी तारीख दोनदा वाचली. मग फ्रेम उलटी करून सोनेरी शिक्क्यावर बोट ठेवलं. शिक्का तोच होता.

"म्हणजे वीस वर्षं," मामा सावकाश म्हणाले, "मी तुमची पदवी बघून यांचा सल्ला घेत होतो?"

"मग सल्ल्याची फी माझी निघते," डॉक्टर म्हणाले, आणि पुन्हा मांजराकडे वळले.

परतताना मामा सायकल हातात धरून दहा पावलं पुढे चालत होते. मागे बापलेक. मग रस्त्याकडे बघतच तिने विचारलं, "ते खडू मारणारे प्राध्यापक?"

"एका वकिलाचे."

"ग्रंथालयातला जिना?"

"ती एक बाई होती. आता मोठी अधिकारी आहे कुठेशी."

"परीक्षेत झोपलेला तो मुलगा तरी?"

"दातांचा डॉक्टर. तुझी दाढ त्यांनीच काढली."

"म्हणजे सगळं खोटं."

"खरं आहे सगळं," फ्रेमवाले म्हणाले. "माझं नाही, एवढंच."

लेकीने पावलं भराभर उचलली. घरी पोचल्यावर ती आपल्या दगडांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. फ्रेमवाल्यांना इतकं ओशाळं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मामा मात्र पायरीवर सायकल टेकवून उभेच होते. "गुडघ्याचं ऑपरेशन करू नका म्हणालात, ते कशाच्या जोरावर?" त्यांनी चढ्या आवाजात विचारलं.

"तुम्ही फार घाबरला होतात, दादा. मला बघवेना."

मामांनी गुडघा एकदा वाकवून पाहिला. मग म्हणाले, "आणा तो अर्ज." त्यांनी सायकलीच्या सीटवर कागद पसरला, सही केली, आणि सहीच्या वर कोणी न सांगता दोन ओळी लिहिल्या: "हे गृहस्थ विद्यापीठात कधीही गेलेले नाहीत. हे मला आजच कळले. बाकी माणूस चांगला आहे."

अर्ज गेला. आठवडाभराने लेक पूर्वीसारखी वागायला लागली, पण जेवताना गोष्ट मागत नव्हती, आणि फ्रेमवालेही सांगत नव्हते. जेवणं दहा मिनिटांत उरकायला लागली.

महिन्याभराने मुलाखतीचं पत्र आलं. पालकांपैकी एकाने सोबत यायचं होतं. फ्रेमवाल्यांनी बायकोला गळ घातली, की तू जा. ती म्हणाली, "कागद तुमचा आहे, जाब तुम्ही द्या." मग त्यांनी इस्त्रीचा सदरा चढवला आणि आयुष्यात पहिल्यांदा विद्यापीठाच्या फाटकातून आत गेले. गोष्टीतल्यासारखा इथला जिनाही करकरतो की काय हे बघायला त्यांनी एका पायरीवर दोनदा पाय दिला. लेकीने ते पाहिलं.

मुलाखतीच्या खोलीत लांब टेबलामागे तिघं बसले होते. लेकीला टेबलासमोरची खुर्ची, फ्रेमवाल्यांना मागे भिंतीजवळची. समोर कोणा जुन्या कुलगुरूंची तसबीर एका बाजूला कलली होती आणि ती सरळ करायला त्यांचे हात शिवशिवत होते. मधल्या चष्मेवाल्या बाईंनी अर्ज उघडला, मामांच्या दोन ओळी वाचल्या, ओठ घट्ट मिटून हसू आवरलं. मग दगडांबद्दल बरंच विचारलं. लेक धडाधड उत्तरं देत होती.

"आता एक सांग," बाई म्हणाल्या. "घरातलं कोणीच इथवर आलेलं नाही. मग विद्यापीठात यायचं हे तुझ्या मनात भरवलं कोणी?"

ही आता काय सांगेल ते सांगो, आपण ऐकून घ्यायचं, असं फ्रेमवाल्यांनी ठरवलं आणि मान खाली घातली.

"बाबांनी," लेक म्हणाली. "ते मला रोज जेवताना विद्यापीठातल्या गोष्टी सांगायचे. स्वतःच्या म्हणून. महिन्यापूर्वी कळलं, त्यातली एकही त्यांची नव्हती. दुकानात पदवी फ्रेम करायला येणाऱ्या माणसांच्या होत्या."

"मग राग नाही आला?"

"खूप आला. आठ दिवस मी धड बोलले नाही." तिने खुर्चीतून जरा मागे वळून पाहिलं. "नंतर वाटलं, वीस वर्षं हा माणूस लोकांच्या पदव्यांना काच बसवतोय, त्यांचं कॉलेज ऐकून घेतोय, घरी येऊन मला सांगतोय. यांनाही जायचं असेल, हे कधी आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मी तर विचारलंसुद्धा नाही."

बाईंनी चष्मा काढला आणि लेकीच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"तुम्हाला काय शिकायचं होतं?" त्यांनी विचारलं.

असं त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं. फ्रेमवाल्यांनी खरंच विचार करून पाहिला. काही हाती लागेना. "ते ठरवायची वेळच आली नाही, बाई," ते म्हणाले. "आठवीत तेवढं ठरत नाही." आणि त्यांना पुढचं काही दिसेनासं झालं. खिशात रुमाल होता, पण तो काढायचं सुचलं नाही.

मंजुरीचं पत्र पुढे तीन आठवड्यांनी आलं आणि मामांनी ते सायकलींच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्याने वाचून दाखवलं. फ्रेमवाल्यांना विचाराल तर त्यांचा निकाल त्याच दिवशी, त्याच खोलीत लागला होता.

लेक जागेवरून उठली होती. तिने आपली खुर्ची उचलली, भिंतीपर्यंत आणली, बाबांच्या खुर्चीला खेटून ठेवली आणि तिच्यावर बसली.

"हं," ती तिथूनच बाईंना म्हणाली, "विचारा पुढचं."